तालुक्याच्या गावाचा वीस वर्षांचा आराखडा

गडचिरोली, प्रतिनिधी

गडचिरोलीहून पूर्वेकडे निघून मुरूमगावमार्गे छत्तीसगडात उतरणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ९३० वर धानोरा हे तालुक्याचे ठिकाण आहे. तहसील कार्यालय, पंचायत समिती, वन विभागाची कार्यालये, पोलीस ठाणे, बाजार आणि भोवताली जंगल असे त्याचे स्वरूप. २०१५ पर्यंत येथे ग्रामपंचायत होती. तालुक्याचे ठिकाण असलेल्या ग्रामपंचायतींना नगरपंचायतीचा दर्जा देण्याच्या राज्य शासनाच्या धोरणानुसार त्या वर्षी धानोरा शहर झाले. कुरखेडा, कोरची, चामोर्शी, मुलचेरा, अहेरी, एटापल्ली, भामरागड आणि सिरोंचा ही गावेही त्याच सुमारास शहरे झाली. २०११ च्या जनगणनेत गडचिरोली जिल्ह्याची लोकसंख्या १० लाख ७२ हजार ९४२ होती आणि त्यातील जेमतेम ११ टक्के लोक नागरी भागात राहत होते. चार वर्षांनी कागदावरचे हे चित्र बरेच बदलले.

शहर म्हटले की पुढील वीस-तीस वर्षांचे पाणी, सांडपाणी, रस्ते, बाजार, स्मशानभूमी, शाळांची मैदाने यांचा विचार आला. हा विचार कोण करतो, कोणत्या कायद्याने करतो आणि त्यासाठी लागणारा पैसा कोणत्या वाटेने येतो, हे मुंबई-पुण्याच्या संदर्भात नेहमी लिहिले जाते. राज्यातील लहान नगरपंचायतींच्या बाबतीत मात्र सामान्य नागरिकाला याची फारशी माहिती नसते. धानोऱ्याच्या बाबतीत तर आणखी एक पेच आहे. हा संपूर्ण तालुका राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतील अनुसूचित क्षेत्रात मोडतो. येथे गावाचे शहर होणे म्हणजे एका कायद्याच्या छत्रातून बाहेर पडून दुसऱ्या कायद्याच्या छत्राखाली जाणे होय.

दर्जा बदलला की काय बदलते?

नगरपंचायतीचा कारभार ‘महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५’ या कायद्यानुसार चालतो. १७ निवडून आलेले सदस्य, नगराध्यक्ष आणि शासनाने नेमलेला मुख्याधिकारी अशी तिची रचना असते. ग्रामपंचायतीत ग्रामसेवक आणि सरपंच यांच्या सहीने चालणारा व्यवहार येथे मुख्याधिकाऱ्याच्या हाती येतो. बांधकाम परवानगी, कर आकारणी, घनकचरा, अग्निशमन, जन्म-मृत्यू नोंदणी ही कामे वाढतात. ती करण्यासाठी लागणारे अभियंते, लेखापाल, नगररचना सहायक मात्र दर्जाबरोबर आपोआप येत नाहीत. पदे मंजूर होणे आणि भरली जाणे यांत बराच काळ जातो. दुर्गम तालुक्यात बदलीवर येण्यास अधिकारी फारसे उत्सुक नसतात, हेही सर्वश्रुत आहे.

जे जाते त्याची चर्चा कमी होते. १९९६ च्या ‘पेसा’ कायद्याने, म्हणजे पंचायतींच्या तरतुदी अनुसूचित क्षेत्रांना लागू करणाऱ्या कायद्याने, ग्रामसभेला भूसंपादनापूर्वी विचारविनिमयाचा, गौण वनोपजाच्या मालकीचा, गावबाजार आणि लहान जलसाठे सांभाळण्याचा अधिकार दिला. महाराष्ट्राने या कायद्याचे नियम मार्च २०१४ मध्ये केले. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतीचे सरपंचपद अनुसूचित जमातीच्या व्यक्तीसाठीच राखीव असते. २१ एप्रिल २०१५ च्या शासन निर्णयाने आदिवासी उपयोजनेच्या निधीतील ५ टक्के रक्कम पेसा क्षेत्रातील ग्रामपंचायतींना थेट देण्याचे ठरले. ही रक्कम अबंध स्वरूपाची, म्हणजे ग्रामसभेने ठरवलेल्या कामावर खर्च करता येण्याजोगी आहे. नगरपंचायत झालेल्या गावाला यांपैकी काहीच लागू राहत नाही. ग्रामपंचायत नाही म्हणून ५ टक्के निधी नाही, नगराध्यक्षपदाचे आरक्षण राज्यभरच्या सोडतीने फिरते आणि ग्रामसभा ही संस्थाच उरत नाही. ज्या वर्षी पेसा ग्रामपंचायतींच्या हाती थेट पैसा देण्याचा निर्णय झाला, त्याच वर्षी तालुक्याची गावे त्या यादीतून बाहेर पडली. या योगायोगाकडे त्या वेळी कोणी फारसे लक्ष दिले नाही.

ग्रामीण भागासाठीच्या अन्य योजनांचेही तेच. २००० साली सुरू झालेली पंतप्रधान ग्रामसडक योजना, २००५ च्या कायद्याने आलेली मनरेगा, २०१९ मधील जलजीवन अभियान या साऱ्या योजना ग्रामीण क्षेत्रासाठी आखलेल्या होत्या. शहरांसाठीच्या योजनांची दारे उघडतात. पण तेथे पैसा मिळण्यासाठी प्रस्ताव, नकाशे, अंदाजपत्रके आणि स्वतःचा हिस्सा घेऊन जावे लागते.

विकास आराखडा

शहराच्या दीर्घकालीन आखणीचा मुख्य दस्तऐवज म्हणजे विकास आराखडा. तो ‘महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६’ या कायद्याने तयार होतो. नगरपंचायत प्रथम आराखडा करण्याचा इरादा जाहीर करते. मग नगररचना अधिकारी विद्यमान जमीनवापराचा नकाशा तयार करतो. घरे कोठे आहेत, शेती कोठे, पाणी कोठे साचते, सरकारी जमीन किती, हे त्यात दिसते. त्यानंतर लोकसंख्येचा पुढील अंदाज बांधून रहिवासी, व्यापारी, सार्वजनिक-निमसार्वजनिक, शेती असे विभाग पाडले जातात आणि रस्ते, बगीचा, भाजी मंडई, दवाखाना, जलशुद्धीकरण केंद्र यांसाठी जागा आरक्षित होतात. प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर हरकती-सूचना मागवतात. त्यावर नियोजन समिती सुनावणी घेते. या समितीत लोकप्रतिनिधींबरोबर नगररचना संचालकांनी नामनिर्देशित केलेले तज्ज्ञ असतात. शेवटी आराखडा शासनाकडे मंजुरीला जातो. कायद्याप्रमाणे दर वीस वर्षांत किमान एकदा त्याचा फेरविचार व्हावा लागतो.

आराखडा म्हणजे अंदाजपत्रक नव्हे, ही गोष्ट अनेकदा विसरली जाते. नकाशावर १२ मीटर रुंदीचा रस्ता रंगवला म्हणजे त्यासाठीची जमीन नगरपंचायतीच्या मालकीची होत नाही. ती मोबदला देऊन, वाढीव चटईक्षेत्र किंवा हस्तांतरणीय विकास हक्क देऊन मिळवावी लागते. मोठ्या शहरांत विकास हक्कांना भाव असतो, कारण तेथे उंच इमारती बांधल्या जातात. तालुक्याच्या गावात दोन मजल्यांच्या वर फारसे कोणी जात नाही. तेथे जमीनमालकाला ‘मोबदल्यात चटईक्षेत्र घ्या’ म्हणणे म्हणजे न वटणारा धनादेश देण्यासारखे आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्याने एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू केली. मुंबईसारखे अपवाद वगळता राज्यभर, नगरपंचायतींनाही, एकच नियम आले. नियम सारखे झाले, जमिनीचे भाव सारखे झाले नाहीत.

शिवाय कलम १२७ आहे. आरक्षित जमीन दहा वर्षांत संपादित झाली नाही, तर मालक नगरपंचायतीला खरेदीची नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर ठरलेल्या मुदतीत संपादनाची पावले न उचलल्यास आरक्षण व्यपगत होते. ही मुदत पूर्वी सहा महिने होती, नंतर बारा आणि २०१५ च्या दुरुस्तीने चोवीस महिने झाली. ज्या नगरपंचायतीचे स्वतःचे उत्पन्न कर्मचाऱ्यांचे वेतन आणि पथदिव्यांच्या वीजबिलात संपते, तिला चोवीस महिनेही अपुरेच पडणार. त्यामुळे लहान शहरांच्या आराखड्यात शहाणपणाचा मार्ग एकच असतो. शक्य तितकी आरक्षणे सरकारी जमिनीवर टाकायची आणि खासगी जमिनीवर अगदी अटळ तेवढीच.

जमीन कोणाची?

गडचिरोलीत हा शहाणपणाचा मार्गही सरळ नाही. जिल्ह्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग वनाखाली आहे. गावाच्या शिवेवर ‘सरकारी’ म्हणून जी जमीन दिसते, ती बहुधा महसूल विभागाची नसून वन विभागाची असते, किंवा महसुली अभिलेखात जंगल म्हणून नोंदलेली असते. तेथे उंच पाण्याची टाकी बांधायची म्हटले, तरी १९८० चा वनसंवर्धन कायदा आडवा येतो. केंद्राची मान्यता, पर्यायी वनीकरण, निव्वळ वर्तमान मूल्याचा भरणा अशी ती लांब वाट आहे.

या वाटेला एक जवळचा रस्ता आहे आणि तो याच जिल्ह्यासारख्या प्रदेशांसाठी केला गेला. २००६ च्या वनहक्क कायद्यातील कलम ३(२) प्रमाणे शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रास्त भाव दुकान, वीज व दूरसंचार वाहिन्या, लहान जलाशय, पिण्याच्या पाण्याची व्यवस्था, रस्ते, सामाजिक सभागृह अशा तेरा प्रकारच्या सुविधांसाठी प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वळती करता येते. अट एवढीच की हेक्टरी पंचाहत्तरपेक्षा जास्त झाडे तुटू नयेत आणि ग्रामसभेची शिफारस असावी. मान्यता विभागीय वन अधिकाऱ्याच्या पातळीवर मिळते. म्हणजे एखाद्या खेड्याला पाण्याच्या टाकीची जागा काही महिन्यांत मिळू शकते. शेजारच्या नगरपंचायतीला मात्र पहिला प्रश्न विचारला जातो तो हा, की शिफारस करणारी ग्रामसभा कोठे आहे?

हा प्रश्न सुटणारच नाही असे नाही. नागरी भागातही वनहक्क कायदा लागू असल्याचे केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाने स्पष्ट केले आहे. छत्तीसगडने ऑगस्ट २०२१ मध्ये धमतरी जिल्ह्यातील नगरी या नगरपंचायतीच्या हद्दीत चार हजार हेक्टरांहून अधिक जंगलावर सामूहिक वनसंसाधन हक्क मान्य केले. नागरी क्षेत्रात असा हक्क मान्य होण्याचे हे देशातील पहिले उदाहरण मानले जाते. हीच पद्धत गडचिरोलीतील नगरपंचायतींना सहज अनुसरता येण्याजोगी आहे.

पैशाच्या वाटा

नगरपंचायतीच्या उत्पन्नाचे ढोबळमानाने तीन भाग पडतात. स्वतःचे उत्पन्न, वित्त आयोग व शासनाची नियमित अनुदाने आणि योजनांचा निधी.

स्वतःच्या उत्पन्नात मालमत्ता कर, पाणीपट्टी, बाजार फी, गाळ्यांचे भाडे, बांधकाम परवानगीचे विकास शुल्क येते. मालमत्ता कराची फेरआकारणी दर चार वर्षांनी व्हावयाची असते. प्रत्यक्षात निवडणुकीच्या तोंडावर ती पुढे ढकलण्याकडे सर्वांचा कल असतो. जंगलभागातील तालुक्याच्या गावात सर्वांत मोठ्या इमारती सरकारी असतात, ही दुसरी अडचण. केंद्र सरकारच्या मालमत्तेला घटनेच्या कलम २८५ नुसार कर लावता येत नाही. राजकोट महापालिकेच्या प्रकरणात २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर झालेल्या निपटाऱ्यानंतर केंद्रीय मालमत्तांनी पुरवलेल्या सेवांच्या प्रमाणात, कराच्या एक तृतीयांश ते पाऊण इतके सेवाशुल्क द्यावे, असे ठरले. नक्षलग्रस्त म्हणून ओळखल्या गेलेल्या भागात केंद्रीय दलांच्या छावण्या असतात. तेथे हे सेवाशुल्क मागणे हे नगरपंचायतीचे काम आहे. ते मागितले नाही तर आपणहून कोणी आणून देत नाही.

एके काळी नगरपालिकांचा कणा जकात होती. १९९९ मध्ये राज्यातील नगरपरिषदांची जकात रद्द झाली आणि तिच्या जागी शासनाचे सहायक अनुदान आले. महापालिकांची गाडी पुढे स्थानिक संस्था कर आणि २०१७ पासून वस्तू व सेवा कराच्या नुकसानभरपाईवर गेली. २०१५ नंतर जन्मलेल्या नगरपंचायतींनी जकात कधी पाहिलीच नाही. त्यांचा संसार सुरुवातीपासूनच अनुदानावर आहे.

या अनुदानांत केंद्रीय वित्त आयोगाचे अनुदान सर्वांत भरवशाचे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी देशातील नागरी संस्थांना १ लाख २१ हजार ५५ कोटी रुपयांची शिफारस केली. त्यातील सुमारे ८२ हजार ८५९ कोटी दहा लाखांखालील शहरांसाठी होते. लहान शहरांच्या रकमेतील ३० टक्के पिण्याचे पाणी, पावसाच्या पाण्याचे संकलन व पुनर्वापरासाठी आणि ३० टक्के स्वच्छता व घनकचऱ्यासाठी बांधील होते. उरलेले ४० टक्के अबंध. मात्र लेखे वेळेवर संकेतस्थळावर टाकणे आणि मालमत्ता कराचे किमान दर अधिसूचित करून वसुली राज्याच्या उत्पन्नवाढीच्या गतीने वाढवणे या अटी होत्या. लेखापाल नसलेल्या कार्यालयाला यातील पहिली अटही जड जाते.

योजनांच्या निधीची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. ३ डिसेंबर २००५ रोजी जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियान सुरू झाले, तेव्हा धानोरा हे खेडे होते. त्या अभियानात लहान व मध्यम शहरांसाठी स्वतंत्र योजना होती आणि तीत केंद्राचा वाटा ८० टक्के असे. २०१५ च्या ‘अमृत’ योजनेत देशातील ५०० शहरेच घेतली गेली. १ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झालेल्या ‘अमृत २.०’ मध्ये मात्र सर्व वैधानिक शहरांना पाणीपुरवठ्यासाठी पात्र ठरवण्यात आले. एक लाखापेक्षा कमी लोकसंख्येच्या शहरात केंद्राचा वाटा ५० टक्के ठरला आणि निधी २०, ४० व ४० टक्के अशा तीन हप्त्यांत द्यावयाचा होता. राज्याच्या स्वतःच्या योजनांत २०१० पासूनचे महाराष्ट्र सुवर्णजयंती नगरोत्थान महाअभियान आणि नवनिर्मित नगरपंचायतींसाठीचे सहाय्य प्रमुख आहे.

याशिवाय जिल्हा नियोजन समिती आहे. घटनेच्या कलम २४३ झेडडी आणि राज्याच्या १९९८ च्या कायद्याने ती स्थापन होते. पालकमंत्री अध्यक्ष आणि जिल्हाधिकारी सचिव असतात. सदस्यांपैकी चार पंचमांश जिल्हा परिषद व नगर संस्थांतून, ग्रामीण-नागरी लोकसंख्येच्या प्रमाणात निवडले जातात. गडचिरोलीत तेथे जिल्हा वार्षिक योजनेबरोबर आदिवासी उपयोजनेचाही आराखडा मंजूर होतो. आदिवासी लोकसंख्येच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे ९ टक्के, राज्य योजनेचा निधी या उपयोजनेसाठी वेगळा ठेवण्याची शिफारस द. म. सुखठणकर समितीने केली आणि १९९३ च्या सुमारास ती स्वीकारली गेली. जिल्ह्यात लोहखनिजाचे उत्खनन वाढल्यापासून जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधीही महत्त्वाचा झाला आहे. स्वामित्वधनाच्या प्रमाणात खाणपट्टाधारकांकडून येणारी ही रक्कम प्रथम खाणबाधित क्षेत्रावर खर्च व्हावयाची असते. सुरजागड एटापल्ली तालुक्यात आहे. तेव्हा धानोऱ्यासारख्या तालुक्याच्या वाट्याला काय यावे, हे दरवर्षीच्या बैठकीत ठरते.

रस्त्यांचा हिशेब वेगळाच. मोठे रस्ते नगरपंचायतीचे नसतातच. राष्ट्रीय महामार्ग केंद्राचा, राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचा. फेब्रुवारी २००९ मध्ये केंद्राने डाव्या कडव्या विचारसरणीने प्रभावित ३४ जिल्ह्यांसाठी विशेष रस्ते कार्यक्रम मंजूर केला, त्यात गडचिरोली होता. शहरातून जाणारा मुख्य रस्ता कोणी, किती रुंद आणि किती उंच करायचा हे नगरपंचायतीच्या सभागृहात ठरत नाही. रस्ता उंच झाल्यावर पावसाळ्यात घरांत शिरणारे पाणी मात्र तिच्याच दारी तक्रार होऊन येते.

एका पाणीपुरवठा योजनेचा प्रवास

हा सारा व्यवहार समजून घेण्यासाठी पाणीपुरवठा योजनेचे उदाहरण सर्वांत सोयीचे. समजा, नगरपंचायतीला नवी योजना हवी आहे. सर्वसाधारण सभा ठराव करते. सल्लागार नेमला जातो किंवा महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडे काम जाते. उद्भव कोणता, नदीतील विहीर की बंधारा, उन्हाळ्यात तेथे पाणी किती उरते, याची पाहणी होते. पाणी नदीतून उचलायचे तर जलसंपदा विभागाचे आरक्षण घ्यावे लागते. मग सविस्तर प्रकल्प अहवाल, त्याला तांत्रिक मान्यता, नगरविकास विभागाकडून प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यादेश. काम सुरू झाल्यावर मोजमाप पुस्तिकेत नोंदी, त्यावरून देयके आणि शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र. ते गेल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. शासनाचा निधी ऑनलाइन वितरण प्रणालीतून येतो आणि बहुतेक वेळा तो मार्चच्या शेवटच्या पंधरवड्यात येतो. वर्षभर न झालेला खर्च पंधरा दिवसांत दाखवण्याची कसरत सर्वच कार्यालयांना परिचित आहे.

खरी मेख प्रकल्प अहवालातील आकड्यांत असते. केंद्राच्या १९९९ च्या पाणीपुरवठा नियमपुस्तिकेनुसार भुयारी गटार असलेल्या वा नियोजित असलेल्या शहराला माणशी दररोज १३५ लिटर आणि नळ आहेत पण गटार योजना नाही अशा शहराला ७० लिटर पाणी गृहीत धरतात. जलजीवन अभियानात ग्रामीण भागासाठी ५५ लिटर धरले गेले. म्हणजे ग्रामपंचायतीची नगरपंचायत होताच कागदावरील तहान सव्वापटीपासून अडीचपटीपर्यंत वाढते. त्या प्रमाणात टाकी, वाहिन्या, पंप, सारेच मोठे होते. त्याच नियमपुस्तिकेत पंप, शुद्धीकरण यंत्रणा आणि उंच टाक्यांसाठी १५ वर्षांचा, तर जलवाहिन्यांसाठी ३० वर्षांचा संकल्पन काळ दिला आहे. तीस वर्षांनंतरच्या लोकसंख्येसाठी वाहिन्या टाकायच्या, तर ती लोकसंख्या किती असेल याचा अंदाज हवा. तालुक्याच्या गावात नोकरदारांची संख्या बदल्यांनुसार आणि विद्यार्थ्यांची संख्या वसतिगृहांनुसार बदलते. अशा ठिकाणी मागील तीन जनगणनांची सरासरी काढून भविष्य सांगणे धोक्याचे असते, पण पद्धत तीच आहे. २०११ नंतरची जनगणना लांबल्याने तर हे अंदाज आणखी जुन्या पायावर उभे राहिले.

योजना पूर्ण झाल्यावर तिचे वीजबिल, क्लोरीन, तुरटी, पंप दुरुस्ती, वाल्व्ह फिरवणाऱ्या कर्मचाऱ्याचा पगार हे सर्व नगरपंचायतीवर येते. बांधकामाला अनुदान देणारे पुष्कळ, चालवण्यासाठी देणारे थोडे. पाणीपट्टीतून हा खर्च भागला नाही, तर पंप दिवसातून एकदाच चालवला जातो आणि मग एक दिवसाआड. तीस वर्षांसाठी बांधलेली योजना दहाव्या वर्षी नवी मागावी लागण्याचे कारण बहुतेक ठिकाणी याच वहीत सापडते. लहान नगरपंचायतींनी मोठी योजना मागण्यापूर्वी तिचे वार्षिक वीजबिल घरटी किती पडेल हा एकच आकडा सभेत वाचून दाखवला, तरी अनेक ठराव वेगळे होतील.

कर्ज काढता येईल का?

मोठी शहरे दीर्घकालीन कामांसाठी कर्ज काढतात, आणि तत्त्वतः ते योग्यही आहे. तीस वर्षे वापरायच्या वाहिनीचा भार तीस वर्षांच्या करदात्यांवर विभागला जावा. अहमदाबाद महापालिकेने १९९८ मध्ये शासनाच्या हमीशिवाय १०० कोटींचे रोखे काढले. नाशिकने १९९९ मध्ये, नागपूरने २००१ मध्ये हा मार्ग अवलंबला. पुणे महापालिकेने जून २०१७ मध्ये समान पाणीपुरवठा योजनेसाठी ७.५९ टक्के व्याजाने २०० कोटी रुपये उभारले. लहान गावाला एकट्याने बाजारात उभे राहणे शक्य नसते. पतमानांकनाचा खर्चच त्याच्या आवाक्याबाहेर असतो.

यावर तमिळनाडूने २००२ मध्ये एक उपाय केला. तेरा लहान-मध्यम नगरपालिकांच्या पाणी व स्वच्छता प्रकल्पांची मोट बांधून सुमारे ३० कोटी रुपयांचे पंधरा वर्षांचे रोखे एका सामाईक निधीमार्फत काढले. एकाची वसुली चुकली तर बाकीच्यांचा आधार आणि त्यावर राज्याची व परदेशी हमीची ओळ, अशी ती रचना होती. जिल्ह्यातील नऊ-दहा नगर संस्थांनी एकत्र येऊन असे काही करावे, हे ऐकायला बरे वाटते. परंतु त्यासाठी प्रत्येक गावाची करवसुली आणि हिशेब आधी नीट असावे लागतात.

तीन किलोमीटरवरचे गाव

धानोऱ्यापासून तीनेक किलोमीटरवर मेंढा (लेखा) आहे. सुमारे शंभर कुटुंबांचे हे गोंड गाव. देवाजी तोफा यांच्या नेतृत्वाखाली सर्वसहमतीने चालणाऱ्या ग्रामसभेमुळे ते देशभर ओळखले जाते. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू विकायचा तर वाहतूक परवाना हवा आणि तो देण्यास वन विभाग राजी नव्हता. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. त्यानंतर मेंढ्याची ग्रामसभा स्वतः बांबूची विक्री करू लागली. २०१३ मध्ये गावाने १९६४ च्या ग्रामदान कायद्याचा मार्ग धरला. आता जिल्ह्यात हजाराहून अधिक गावांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत आणि बांबू व तेंदूपानांचे लिलाव अनेक ग्रामसभा स्वतः करतात.

नागरी वित्तव्यवस्थेच्या भाषेत सांगायचे तर मेंढ्याकडे स्वतःचे, दरवर्षी नूतन होणारे उत्पन्नाचे साधन आहे आणि ते कोठे खर्चायचे हे ठरवणारी सभा आहे. तालुक्याच्या शहराकडे मोठी अनुदाने आहेत, पण त्यातील बहुतेक रक्कम कोणत्या कामाला लावायची हे मुंबई-दिल्लीत आधीच ठरलेले असते. या तुलनेचा अतिरेक करू नये. जलशुद्धीकरण केंद्र किंवा घनकचरा प्रकल्प बांबूच्या पैशातून उभा राहत नाही, बाजारभाव पडला की ग्रामसभेचेही उत्पन्न पडते आणि बांबूला फुलोरा आला की काही वर्षे जंगलच मोकळे होते. पण दहा हजार रुपयांच्या दुरुस्तीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी खेटे घालावे लागत नाहीत, हा फरक लहान नाही.

न झालेला कायदा

या साऱ्याच्या मुळाशी घटनेतील एक रिकामी जागा आहे. नगरपालिकांविषयीचा भाग नऊ-अ १९९३ मध्ये अमलात आला. त्यातील कलम २४३ झेडसी म्हणते की हा भाग अनुसूचित क्षेत्रांना लागू होणार नाही; संसद कायदा करून, योग्य त्या फेरफारांसह, तो लागू करू शकते. पंचायतींबाबत दिलीपसिंग भुरिया समितीच्या अहवालानंतर १९९६ मध्ये पेसा झाला. नगरपालिकांबाबतही याच समितीने १९९५ मध्ये अहवाल दिला होता. त्यावर आधारित विधेयक २००१ मध्ये राज्यसभेत मांडले गेले, स्थायी समितीकडे गेले, आणि पुढे सरकले नाही. दरम्यान देशभर अनुसूचित क्षेत्रांत नगरपंचायती स्थापन होत राहिल्या, त्या राज्यांच्या सर्वसाधारण कायद्यांखाली. पाचव्या अनुसूचीने राज्यपालांना अनुसूचित क्षेत्रात एखादा कायदा फेरफारांसह लागू करण्याचा अधिकार दिला आहे. महाराष्ट्रात राज्यपालांनी पेसा व वनहक्काच्या संदर्भात या अधिकाराचा उपयोग यापूर्वी केलेला आहे. नगरपंचायतींतील वॉर्ड वा पाडा पातळीवरच्या सभांना जमीन, बाजार आणि जलसाठ्यांबाबत अधिकार देण्यासाठी तो वापरता येईल. शहरांत ‘क्षेत्र सभा’ घेण्याची तरतूद राज्याने २००९ मध्ये केली, ती नागरी पुनरुत्थान अभियानाची अट म्हणून. तिचा वापर मोठ्या महापालिकांनीही फारसा केलेला नाही.

नागरिकांनी काय पाहावे?

नगरपंचायतीचे अंदाजपत्रक दरवर्षी फेब्रुवारीअखेर मंजूर व्हावयाचे असते. त्यात महसुली आणि भांडवली अशा दोन बाजू असतात. पाणीपुरवठ्याचे वीजबिल पहिल्या बाजूला आणि नवी टाकी दुसऱ्या बाजूला दिसते. दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय चित्र कळत नाही. वित्त आयोगाच्या बांधील रकमेतून कोणती कामे घेतली, किती रक्कम अखर्चित राहिली, याची माहिती लेख्यांत असते आणि माहितीच्या अधिकारात मागता येते. प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाल्यावर ३० दिवसांत कोणालाही लेखी हरकत घेता येते. त्यासाठी जमीनमालक असण्याची अट नाही. हरकतीत गट क्रमांक, आराखड्यातील आरक्षणाचा क्रमांक आणि मागणी स्पष्ट लिहावी. सुनावणीची सूचना मिळाल्यावर समक्ष उपस्थित राहावे. गावतळे, नाल्याचा काठ, आठवडी बाजाराची जागा, देवस्थानाची राई, जनावरे चारण्याचा पट्टा यांची नोंद विद्यमान जमीनवापराच्या नकाशावर आहे की नाही, हे त्याही आधी तपासणे गरजेचे असते. त्या नकाशावर जे दिसत नाही, त्यावर पुढील वीस वर्षांत बहुधा प्लॉट पडतात.